इसब परत परत का येतो आणि तो आटोक्यात कसा ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा आठ वर्षांचा. दोन्ही कोपरांच्या आतल्या घडीत, गुडघ्यांमागे आणि मानेवर इसब. डॉक्टरांनी मोमेटासोनचं मलम दिलंय. चार-पाच दिवस लावलं की कातडी साफ होते, बंद केलं की दहा-बारा दिवसांत इसब पुन्हा उचल खातो. मलमात स्टेरॉइड आहे म्हणून घरात सगळ्यांना धास्ती. रात्री मुलगा रक्त येईपर्यंत खाजवतो. यावर मुळापासून उपाय नाही का?

एकदा घेतलं आणि इसब कायमचा गेला, असं औषध आज नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यात औषध चुकलेलं दिसत नाही. चुकतेय ती मात्रा, आणि मलम थांबवण्याचा दिवस. या दोन गोष्टी सुधारल्या तर बहुतेक मुलांचा इसब इतका आटोक्यात राहतो की झोप, शाळा, खेळ यांच्या आड येत नाही. बरीच मुलं वाढत्या वयात त्यातून जवळजवळ बाहेरही पडतात. सगळी पडत नाहीत, आणि तुमचा मुलगा कोणत्या गटात असेल हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आधी कातडीत नेमकं काय बिघडलंय ते पाहू, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. कातडीचा सर्वांत वरचा थर दोन कामं करतो: आतलं पाणी आत धरून ठेवतो आणि बाहेरच्या गोष्टी बाहेर. त्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे फिलाग्रिन. ते तुटून जे बारीक घटक तयार होतात ते पाणी धरतात आणि कातडी किंचित आम्लधर्मी, म्हणजे साधारण 5 पीएचच्या आसपास ठेवतात. या प्रथिनाच्या जनुकातले दोष इसबाचा धोका खूप वाढवतात, हे 2006 साली स्पष्ट झालं. सगळ्या रुग्णांत हा दोष सापडत नाही. पण दोष असो वा नसो, इसब असलेल्या कातडीची ही भिंत कच्चीच असते. पाणी उडून जातं, कातडी कोरडी पडते, बारीक भेगांतून धूळ, साबण, घाम, जंतू आत शिरतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा तिथे दाह सुरू करते.

खरी गोम पुढे आहे. त्या दाहात तयार होणारे इंटरल्युकिन-4 आणि 13 हे रेणू फिलाग्रिनची निर्मिती आणखी कमी करतात. इंटरल्युकिन-31 थेट खाजेच्या नसांना डिवचतो. खाजवलं की भिंत आणखी फुटते. म्हणजे भिंत कच्ची म्हणून दाह, दाहामुळे भिंत आणखी कच्ची, आणि मधे खाज तेल ओतायला बसलेली. इसबासाठीचा एक्झिमा हा शब्दही ग्रीकमधल्या ‘उकळून बाहेर येणे’ या अर्थाच्या शब्दावरून आलाय. दूध उतू जावं तसाच हा रोग वागतो. फेस खाली बसला म्हणजे आच विझली असं नाही.

म्हणूनच पाचव्या दिवशी साफ दिसणारी कातडी साफ झालेली नसते. लाली गेलेली असते, खाज थांबलेली असते, पण तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दाह करणाऱ्या पेशी अजून तिथे असतात. मलम त्याच दिवशी थांबवलं की त्या पुन्हा कामाला लागतात. दहा-बारा दिवसांनी जो ‘नवा’ इसब दिसतो तो बहुतेक वेळा जुनाच, अर्धवट सोडलेला असतो.

हा इसबच आहे ना?

कोपर-गुडघ्यांच्या घड्या, लहानपणापासूनचा कोरडेपणा, खाज, आणि घरात कुणाला दमा, शिंका किंवा इसब असेल तर निदान जवळजवळ पक्कं होतं. तरी तीन गोष्टी तपासा. चट्ट्याची कड उठावदार, गोलाकार आणि मधला भाग बरा होत चाललेला दिसला तर ते गजकर्ण असू शकतं. त्यावर स्टेरॉइड लावलं की आठवडाभर बरं वाटतं, मग ते पसरतं आणि कड पुसट झाल्याने ओळखूही येत नाही. दुसरी खरूज: खाज रात्री असह्य, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुळ्या, आणि घरातल्या आणखी कुणाला तरी खाज. तिसरी गोष्ट म्हणजे एकाच ठिकाणी, एखाद्या वस्तूच्या आकाराचा चट्टा. पट्ट्याचं बक्कल, घड्याळ, चपलेचा पट्टा यांच्याखाली नेमका उमटणारा इसब हा बहुतेक संपर्काच्या ॲलर्जीचा असतो, आणि ती वस्तू दूर केल्याशिवाय कोणतंही मलम पुरं पडत नाही.

सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही. ती करडी, जांभळट किंवा गडद तपकिरी दिसते, कधी नुसते बारीक दाणे उठतात, आणि त्यामुळे इसब आहे त्यापेक्षा सौम्य वाटतो. रंगावर जाऊ नका. डोळे मिटून बोट फिरवा: खरखरीत, जाड, गरम लागतंय का? बरी झालेली कातडी बोटाला आजूबाजूच्या कातडीसारखी लागते. ही चाचणी लक्षात ठेवा, मलम कधी थांबवायचं हे तिच्यावरूनच ठरतं.

मॉइश्चरायझर: किती आणि कसं

ही पायरी सगळ्यांना माहीत असते आणि जवळजवळ सगळ्यांचीच कमी पडते. आठवड्याला मुलाला 250 ग्रॅमपर्यंत आणि मोठ्या माणसाला 500 ग्रॅमपर्यंत मॉइश्चरायझर लागू शकतं. हा आकडा ऐकून लोक दचकतात, पण इसब अंगभर असेल तर खरंच इतकं लागतं. तुमच्या मुलाचा इसब मोजक्या जागी आहे, तरी कोरडेपणा सगळ्या अंगाला असतो. 100 ग्रॅमची बाटली दीड महिना पुरत असेल तर ती लावली जात नाहीये, नुसती दाखवली जातेय.

कोणतं घ्यावं यावर लोक फार वेळ घालवतात. ब्रिटनमध्ये 550 मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट या चारही प्रकारांची थेट तुलना झाली. 2022 मध्ये निकाल आले: इसब आटोक्यात राहण्यात चौघांत फरक नाही. म्हणून बिनवासाचं, जे मूल कुरकुर न करता लावून घेईल ते चांगलं. माझा कल विचाराल तर खूप कोरड्या, भेगाळलेल्या कातडीला ऑइंटमेंट किंवा साधी पेट्रोलियम जेली, आणि घाम फार येतो अशा दिवसांत हलकं क्रीम. लस येत असलेल्या ओल्या चट्ट्यावर घट्ट ऑइंटमेंट थापू नका, तिथे क्रीम बसतं. आणि सोडियम लॉरिल सल्फेट असलेली साधी ‘ॲक्वियस क्रीम’ अंगावर लावून ठेवायला वापरू नका. तो घटक कातडीची भिंत आणखी विरळ करतो.

लावताना चोळू नका. ठिकठिकाणी ठिपके ठेवून केसांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने पसरा. उलट्या दिशेने रगडलं की केसांच्या मुळांशी पुळ्या येतात आणि मग दोष क्रीमला जातो. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढून घ्या. जंतू डब्यातच वाढतात. आणि एक गोष्ट जी औषधाच्या चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेली असते: मॉइश्चरायझर कपड्यांत, चादरीत मुरतं आणि असं कापड आग चटकन पकडतं. धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही. मॉइश्चरायझर मुरलेल्या कपड्यांत मुलाला शेगडी, मेणबत्ती, फटाके यांच्याजवळ जाऊ देऊ नका.

आंघोळ रोज चालेल. पाणी कोमट, वेळ पाच ते दहा मिनिटं. साबणाचा पीएच 9-10 च्या घरात असतो. आम्लधर्मी कातडीला तो मानवत नाही, आणि जंतुनाशक साबण तर जास्तच झोंबतो. त्याऐवजी साबणविरहित क्लिन्झर, किंवा तेच क्रीम अंगाला लावून धुऊन टाकायचं. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. अंग किंचित ओलसर असताना, साधारण तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. बाथरूममधून बाहेर येऊन कपडे शोधून मग लावू म्हटलं की पाणी उडून गेलेलं असतं. बाटली बाथरूमच्या दारातच ठेवा.

स्टेरॉइडचं मलम

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं.

मलम मोजण्याचं माप प्रत्येकाच्या हातात आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत, म्हणजे शेवटच्या पेरावर, ट्यूबमधून ओढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. इतकं मलम बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. तळवेही मोठ्या माणसाचे, मुलाचे नव्हेत.

आता तुमच्या मुलाचा हिशेब करू. समजा प्रत्येक कोपराच्या घडीतला चट्टा तुमच्या अर्ध्या तळव्याएवढा आहे, आणि गुडघ्यांमागचेही तसेच. चार चट्टे मिळून दोन तळवे, म्हणजे एक पेर, म्हणजे एका वेळेला अर्धा ग्रॅम. दिवसातून एकदा, 14 दिवस: 7 ग्रॅम. म्हणजे 5 ग्रॅमची छोटी ट्यूब एका खेपेलासुद्धा पुरत नाही. तीच ट्यूब घरात सहा महिने चालली असेल, तर भीतीपोटी मलमाचा नुसता वास दाखवला गेलाय. ‘पातळसर लावा’ या सूचनेनेही बरंच नुकसान केलंय. मोजून काढलेली रेघ ठरलेल्या जागेवर पसरली की कातडी किंचित चमकते, ते बरोबर.

मोमेटासोन दिवसातून एकदाच पुरतं. दोनदा लावून फायदा फारसा वाढत नाही, उपद्रव वाढू शकतो. मलम आणि मॉइश्चरायझर एकमेकांवर लगेच थापले तर मलम पातळ होऊन नको तिथे पसरतं, म्हणून मधे पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. आधी कोणतं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, अंतर महत्त्वाचं. रात्री घाई असेल तर आंघोळीनंतर मॉइश्चरायझर आणि झोपायच्या आधी मलम, असं सोयीचं पडतं.

थांबवायचं कधी? बोटाची चाचणी आठवा. चट्टा बोटाला आजूबाजूसारखा मऊ लागला की त्यापुढे आणखी दोन दिवस लावा आणि मग थांबा. कोपर-गुडघ्यांच्या घड्यांना साधारण सात ते चौदा दिवस लागतात. चौदा दिवसांत असा मऊपणा आला नाही तर मलम तसंच रेटत राहू नका, डॉक्टरांना दाखवा. निदान, जंतुसंसर्ग किंवा मलमाची ताकद, यांपैकी काहीतरी तपासायला हवं.

त्यापुढचा भाग बहुतेकांना कुणी सांगितलेला नसतो. वारंवार उचल खाणाऱ्या इसबात, कातडी साफ झाल्यावर, त्याच नेहमीच्या जागांवर आठवड्यातले सलग दोन दिवस, उदाहरणार्थ शनिवार-रविवार, मलम लावत राहायचं. चट्टा दिसो वा न दिसो. उरलेले पाच दिवस फक्त मॉइश्चरायझर. सूक्ष्म दाह डोकं वर काढायच्या आतच दाबला जातो आणि पुन्हा उसळण्याचं प्रमाण कमी होतं. हिशेब मांडून पाहिला तर दर बारा दिवसांनी पाच दिवस लावण्यापेक्षा यात मलम कमीच जातं. हा क्रम डॉक्टरांशी बोलून सुरू करा आणि तीन ते सहा महिन्यांनी तो अजून लागतोय का ते पाहा.

आता भीतीबद्दल. ती निराधार नाही, फक्त चुकीच्या जागी खर्च होते. जपून राहायच्या जागा ठरलेल्या आहेत: चेहरा, पापण्या, मान, काख, जांघ. तिथली कातडी पातळ, औषध जास्त शोषलं जातं. तिथे मोमेटासोन किंवा बीटामेथासोन आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी पातळ होणं, रक्तवाहिन्या दिसणं, जांघेत कायमचे वळ पडणं हे घडतं. पापण्यांवर दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका. म्हणून मानेसाठी वेगळं मलम मागून घ्या: 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य, किंवा स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस. क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र गटातलं आहे, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय मुलांना लावू नये. आणि स्टेरॉइड, बुरशीनाशक, प्रतिजैविक असं सगळं एकाच ट्यूबमध्ये कोंबलेलं मलम ‘कशालाही चालतं’ म्हणून घरात ठेवू नका. त्याने इसब धड बरा होत नाही आणि गजकर्ण मात्र लपून वाढतं.

याउलट, योग्य ताकदीचं मलम घड्यांवर दोन आठवडे आणि मग आठवड्याला दोन दिवस लावल्याने कातडी पातळ होण्याचा धोका फार कमी आहे. खाजवून जाड, काळी, चामड्यासारखी झालेली कातडी हे जास्त खात्रीचं नुकसान आहे. स्टेरॉइड सोडल्यावर कातडी पेटल्यासारखी लाल होते, आग होते, अशी एक प्रतिक्रिया खरी आहे. पण ती मुख्यतः तीव्र मलम चेहऱ्यावर किंवा अंगभर महिनोन्महिने, वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांत दिसते. झटपट आराम म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन मात्र टाळा. आठवडाभर चमत्कार वाटतो, नंतर इसब दामदुपटीने परततो.

टॅक्रोलिमसबद्दल दोन शब्द. त्याने कातडी पातळ होत नाही, म्हणून चेहरा, पापण्या, मान यांच्यासाठी ते सोयीचं. 2 ते 15 वर्षांपर्यंत 0.03 टक्के, त्यापुढे 0.1 टक्के. पहिले काही दिवस लावल्यावर आग होते. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्याच दिवशी ट्यूब कपाटात जाते. ती फ्रीजमध्ये ठेवली तर आग थोडी कमी जाणवते, आणि आठवडाभरात बहुधा सवय होते. आधी तीन-चार दिवस सौम्य स्टेरॉइड लावून दाह उतरवून मग सुरू केलं तर आणखी सोपं. पाकिटातल्या पत्रकावर कर्करोगाचा इशारा वाचून लोक घाबरतात. मुलांच्या दीर्घ पाठपुराव्यात तसा वाढीव धोका दिसून आलेला नाही.

रात्रीची खाज

‘खाजवू नको’ या वाक्याचा काही उपयोग होत नाही, उलट मूल चोरून खाजवायला शिकतं. हाताला दुसरं काम द्यायचं. खाज आली की मुठी घट्ट आवळून तीस आकडे मोजायचे. तरी राहिली तर त्या जागेवर तळवा दाबून धरायचा किंवा कापडात गुंडाळलेला थंड पॅक ठेवायचा. थंडाव्याने खाज खरंच मंदावते. आठ वर्षांचं मूल हे आठवडाभरात शिकतं, आणि बऱ्याचदा त्याला त्यात खेळ वाटतो. नखं आठवड्यातून दोनदा कापून कानशीने कडा गुळगुळीत करा. झोपायची खोली थंड, पांघरूण हलकं, कपडे सुती. शिवण टोचत असेल तर रात्रीचा सदरा सरळ उलटा घाला.

दिवसा सुस्ती न आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या इसबाच्या खाजेवर फारशा चालत नाहीत, कारण ही खाज मुख्यतः हिस्टामिनची, म्हणजे त्या गोळ्या ज्याला अडवतात त्या रसायनाची, नसतेच. गुंगी आणणारी गोळी काही रात्री झोपेपुरती डॉक्टर देतात, तेवढंच तिचं काम. फारच उसळलेला असेल तर ओल्या कापडाची पट्टी: मलम किंवा मॉइश्चरायझर लावून त्यावर कोमट पाण्यात पिळून घेतलेला सुती कपड्याचा थर, वर कोरडा थर, काही तास किंवा रात्रभर. याने औषध जास्त शोषलं जातं, म्हणून स्टेरॉइडवर पट्टी बांधायची तर डॉक्टरांना विचारूनच, आणि संसर्ग झालेल्या चट्ट्यावर मुळीच नाही.

दवाखाना गाठायची वेळ

इसबाच्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू बहुतेक वेळा ठाण मांडून असतोच. नुसता सापडला म्हणून प्रतिजैविक लागत नाही. मधासारखी पिवळी खपली, पू, वाढतं दुखणं, आसपास पसरणारी सूज किंवा ताप असेल तर लागतं. ते ठरलेल्या दिवसांपुरतं. प्रतिजैविकाचं मलम महिनोन्महिने लावून जंतू फक्त निर्ढावतात.

खरी आणीबाणी वेगळी आहे. इसबावर एकसारख्या आकाराचे बारीक फोड किंवा पंचने पाडल्यासारखे गोल खड्डे अचानक उमटले, ते खाजण्याऐवजी दुखतायत, मूल मलूल आहे, ताप आहे: हा इसबावर पसरलेला नागिणीच्या जातीचा, ओठावर ‘जर’ (तापाचे फोड) उठवणारा हर्पीसचा विषाणू असू शकतो. याला त्याच दिवशी ॲसायक्लोव्हिर हे विषाणूरोधी औषध सुरू व्हायला हवं. डोळ्याजवळ फोड असतील तर डोळ्यांचे डॉक्टरही त्याच दिवशी. ओठावर असे फोड उठलेल्या माणसाने इसब असलेल्या मुलाची पापी घेऊ नये, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

खाण्यापिण्याचं काय

पालकांचा सर्वांत जास्त वेळ या प्रश्नावर जातो आणि हाती सर्वांत कमी लागतं. खाण्याची ॲलर्जी आणि इसब एकत्र असू शकतात, विशेषतः अगदी लहान बाळांत आणि तीव्र इसबात. पण खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या, असा स्पष्ट इतिहास नसेल तर पदार्थ बंद करून इसब सहसा सुधारत नाही. रक्तातल्या आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) चाचण्यांचे भलेमोठे गठ्ठे मागवू नका. इसब असलेल्या मुलांत त्या अनेक पदार्थांना ‘पॉझिटिव्ह’ येतात, पण मूल तेच पदार्थ रोज व्यवस्थित खात असतं. चाललेला पदार्थ चाचणीच्या कागदावरून बंद केला तर दोन तोटे: पोषण घटतं, आणि शरीराची त्या पदार्थाची सवय मोडून पुढे कधीतरी खाल्ल्यावर तीव्र ॲलर्जी उसळू शकते. काही बंद करायचंच झालं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एकेक पदार्थ, ठरावीक आठवड्यांसाठी, आणि मग तो परत देऊन पाहायचा.

पैसे वाचवण्याच्या जागाही सांगून ठेवतो. आंघोळीच्या पाण्यात ओतायची तेलं, रेशमी वैद्यकीय कपडे, पाणी मृदू करणारी यंत्रं, या तिन्हींच्या नीट केलेल्या चाचण्या झाल्या आणि नेहमीच्या उपचारापेक्षा जास्तीचा मोलाचा फायदा दिसला नाही. घाम मात्र खरोखर उचकवतो: खेळून आल्यावर साध्या पाण्याने अंग धुऊन मॉइश्चरायझर, एवढं पुरतं. त्यासाठी खेळ बंद करू नका.

मलमं पुरत नसतील तर

इथवरचं सगळं मोजून-मापून तीन महिने केलं आणि तरी झोप मोडतेय, तर पुढच्या पायऱ्या आहेत. अरुंद पट्ट्याच्या यूव्हीबी (अतिनील) किरणांची प्रकाशचिकित्सा आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने. काम करते, पण फेऱ्या माराव्या लागतात. सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट या जुन्या गोळ्या रक्ततपासण्या करत द्याव्या लागतात. डुपिलुमॅब हे इंजेक्शन वर सांगितलेल्या इंटरल्युकिन-4 आणि 13 यांचाच निरोप अडवतं. 2017 मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी मंजूर झालं आणि 2022 पासून तिथे सहा महिन्यांच्या बाळांपर्यंत. डोळे लाल होणं हा त्याचा ठळक उपद्रव. उपाडासिटिनिब, ॲब्रोसिटिनिब या पेशीच्या आतला दाहाचा निरोप अडवणाऱ्या, जेएके गटातल्या गोळ्या खाजेवर फार लवकर चालतात, पण संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्यांचे इशारे त्यांच्यासोबत येतात. यांतलं काहीही इसब पुसून टाकत नाही; थांबवलं की अनेकांत तो परततो.

बरं चाललंय की नाही हे आठवणीवर सोडू नका. पोएम नावाची सात प्रश्नांची यादी आहे: गेल्या आठवड्यात किती दिवस खाज होती, किती रात्री झोप मोडली, किती दिवस रक्त आलं, लस आली, भेगा पडल्या, पापुद्रे निघाले, कोरडेपणा होता. प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 28 पैकी. 3 ते 7 सौम्य, 8 ते 16 मध्यम, 17 आणि त्यावर तीव्र. दर रविवारी मलम लावताना भरून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

चट्टे बसल्यावर तिथे काळसर किंवा फिकट डाग राहतील. हा दाहाचा मागे राहिलेला ठसा आहे. फिकट डाग म्हणजे कोड नव्हे, आणि बहुधा मलमाचा दोषही नव्हे. रंग भरून यायला काही महिने लागतात. त्या जागी पुन्हा इसब उसळला तर घड्याळ परत शून्यावर जातं.

पुढच्या भेटीला जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा आणि बाटल्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. तुम्ही ‘रोज लावतो’ म्हणालात तर डॉक्टरांना फक्त शब्द मिळतात. मागच्या महिन्यात किती ग्रॅम मलम आणि किती मॉइश्चरायझर संपलं हे समोर दिसलं, तर औषध बदलायचं की मात्रा, हे पाच मिनिटांत ठरतं.